भरती होण्याआधीचं आजारपण

मुरुडमध्ये घरात कुणी बरंच आजारी पडलं की पहिला प्रश्न निघतो : लातूर की बार्शी? पूर्वेला लातूर. तिथं विलासराव देशमुखांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जुनं विवेकानंद रुग्णालय आहे आणि भोवती खासगी दवाखान्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. पश्चिमेला बार्शी, आणि कॅन्सरची नुसती शंका आली तरी तोंडात येणारं नाव, नर्गिस दत्त रुग्णालय. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. ताप, बाळंतपण, साप-विंचू, टाके घालणं तिथं होतं. त्यापुढचं काही निघालं की चिठ्ठी मिळते आणि गाडी शोधावी लागते. दुसरा प्रश्न गाडीत बसताबसता येतो : "कार्ड कोणतं आहे? योजनेत बसतंय का?"

भरती झालेल्याला फुकट उपचार देणाऱ्या या सरकारी योजनेचं नाव आजवर दोनदा बदललं. १९९७ मध्ये ती जीवनदायी होती, २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी झाली, २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. लोक अजून जीवनदायीच म्हणतात.

इथं ज्यांचं बोलणं लिहितो आहे ते दोघं काका-पुतणी आहेत. नाना आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी होते. मलेरियाच्या रक्तनमुन्यांपासून पल्स पोलिओपर्यंत सगळी नोकरी त्यांनी घरोघर हिंडून केली. पुतणी लातूरच्या एका खासगी रुग्णालयात आरोग्यमित्र आहे, म्हणजे दाराशी टेबल टाकून बसते, रेशनकार्ड आणि आधार तपासते, पूर्वपरवानगीचे कागद वर पाठवते आणि "ताई, झालं का हो?" या प्रश्नाला दिवसभर उत्तर देते. गल्लीतही तिला ताईच म्हणतात. दोघांची नावं सांगायची गरज नाही. मी शेजारी, आणि वाद ऐकायची मला खोड आहे.

वाद निघाला तो एका म्हशीवरून.

"त्याचं ऑपरेशन फुकट झालं ना, नाना? स्टेंट टाकली, एक रुपाया घेतला नाही," ताई म्हणाली. गल्लीतल्याच एकाच्या छातीत रात्री कळ आली होती. १०८ ची गाडी आली, लातूरला नेलं, वाचला.

"झालं की. मग त्यानं म्हैस कशापायी विकली?"

ताई गप्प बसली नाही. तिला उत्तर माहीत होतं. कळ त्या रात्रीची नव्हती. आधी दोन महिने तो गॅसेस म्हणून गावातल्या डॉक्टरकडं जात होता. मग लातूरला एकदा ईसीजी, एकदा टूडी इको, रक्ताच्या तपासण्या, दरवेळी फी, दरवेळी मेडिकल. हे सगळं खिशातून. योजना सुरू झाली ती तो खाटेवर आडवा झाल्यावर, आणि संपली ती घरी येताना मिळालेल्या दहा दिवसांच्या गोळ्यांबरोबर. रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र पुढं वर्षभर, बाकीच्या तर जन्मभर.

"म्हणजे बघ," नाना म्हणाले, "पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. अन् तू सांगायलीस की कुलूप अजून मोठं घ्या."

"मी काय सांगायले ते तरी ऐका. स्टेंटचा खर्च त्याच्या अंगावर पडला असता तर म्हैस नाही, रान गेलं असतं."

इथून ताईनं आकडे काढले. आकडे तिला पाठ असतात, कारण योजनेवर नाक मुरडणारे डॉक्टर तिला रोज भेटतात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशात खासगी रुग्णालयात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये निघाला, सरकारीत ४,४५२. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव बोनस धरून ३,०५० रुपये क्विंटल होता. "म्हणजे एका भरतीला दहा क्विंटलच्या वर सोयाबीन. कोरडवाहू दोन एकरवाल्याच्या घरात सगळा माल विकून पट्टी हातात येते ती केवढी? त्यातून आडत्याची उचल वजा. ही सरासरी आहे नाना, हृदयाची नाही, मेंदूची नाही. सरासरीत डेंगूचा तापपण आला."

नानांनी हमीभाव सरकारचा, बाजारात तेवढा मिळतो कुठं, असं पुटपुटून घेतलं. ते खरं होतं आणि ताईच्या बाजूचंच होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

योजना मराठवाड्यात आली ती नांदेडवाटे. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, त्यात मराठवाड्यातला नांदेड एकटा. लातूरला ती पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, सगळ्या राज्याबरोबर आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि ९७२ उपचार. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत लातूर-नांदेड होते, म्हणून तिथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही नंतर आत घेतलं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलं : मर्यादा पाच लाख, उपचार १,३५६, आणि कार्ड कोणत्याही रंगाचं चालेल.

"हेच मला पटत नाही," नाना म्हणाले. "गरिबासाठी काढलेली योजना. आता बंगल्यावाला अन् मजूर एकाच रांगेत. खाटा तेवढ्याच. रांगेत पुढं कोण जाणार? ज्याच्याकडं डॉक्टरचा मोबाईल नंबर आहे तो."

"रांगेचं बरोबर आहे. पण रंगावर गरीब ओळखायचा म्हणाल तर तुम्हीच हिशेब करा. पिवळ्या कार्डाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा किती? पंधरा हजार. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ ला २९७ रुपये होती. एका माणसानं वर्षात शंभर दिवस खडी फोडली तरी २९,७०० होतात. कायद्यानं बघितलं तर रोहयोवर पुरे दिवस भरणारा मजूर पिवळ्या कार्डाला श्रीमंत ठरतो. केशरीची मर्यादा एक लाख. लातुरात दुकानात कामाला असलेल्या नवरा-बायकोचं मिळून त्याच्या वर जातं. पाच वर्षं मी या टेबलावर बसले. माणूस दारात तडफडायलाय आणि मी कार्डाचा रंग बघायले, हे काम मला करावं लागलं. ते बंद झालं ते चांगलं झालं."

मला इथं ताईचं पटतं, आणि अर्धवट नाही, पुरतं पटतं. दारिद्र्याची रेघ कागदावर ओढणारा माणूस कधी तहसीलच्या रांगेत उभा राहिलेला नसतो. ज्याला नवं कार्ड काढायला दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते तोच कार्डाविना राहतो. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या कुटुंबाचं नाव कमी झालेलं असतं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं चढलेलं नसतं, आणि हे कळतं ते भरतीच्या दिवशी. सगळ्यांना आत घेतलं की बंगल्यावाला आत येतो हे खरं. पण त्याला बाहेर ठेवायला जी चाळणी लावावी लागते तीतून आधी ही सून गळते.

नाना मात्र दुसऱ्याच वाटेनं आले. "तू ऊसतोडीचं नाव काढलंस म्हणून विचारतो. बीडच्या बायकांचं काय झालं?"

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेला प्रकार मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला 'पुढं कॅन्सर होईल' अशी भीती घालायची आणि पिशवी काढायची. पाळीचा खाडा नको, म्हणून मुकादमाची उचल अंगावर असलेलं घरही राजी.

"त्यातली बरीच ऑपरेशनं रोखीनं झाली, नाना. उचलीच्या पैशातून. कार्डावर असती तर कुठंतरी सोनोग्राफी अपलोड करावी लागली असती, कुणीतरी डॉक्टरनं वर बसून ती बघितली असती."

"अन् छत्तीसगडला? २०१२ ला तिथं कार्डावरच झाली की. वर्षाला तीस हजाराचं केंद्राचं विमा कार्ड होतं, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा. खासगीवाल्यांनी कार्ड रिकामं करायला पिशव्या काढल्या. बाईला दुखणं होतं की नव्हतं, कार्डात पैसे होते."

ताईजवळ याला उत्तर होतं, पण ते उत्तर नानांच्याच अंगणात जाऊन पडणारं होतं. ती म्हणाली, की म्हणूनच आपल्या योजनेत सव्वाशेच्या आसपास उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले. जिथं पैशाच्या लोभानं सुरी चालायची शक्यता जास्त, ते खासगीला द्यायचेच नाहीत.

"म्हणजे शेवटी सरकारी दवाखान्यावरच भरवसा!" नाना हसले. "मी दुसरं काय सांगायलोय? कॅगनं २०२३ ला सांगितलं ना, आयुष्मानचे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरावर नोंदलेत. नऊ दहा वेळा दाबला की झाला नंबर. असल्या योजनेत पैसा ओतण्यापेक्षा तोच पैसा मुरुडच्या दवाखान्यात घाल. राज्यात ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटा. तीस खाटांना भूलतज्ज्ञ नाही, स्त्रीरोगाचा डॉक्टर आज आहे तर उद्या बदली. भूल देणारा नसला की सिझेरियनची बाई लातूरला. रस्त्यात बाळंत होते. तिला पाच लाखाचं कार्ड काय कामाचं?"

मोबाईल नंबराच्या गोष्टीवर सरकारचं म्हणणं असं होतं की लाभार्थ्याची ओळख आधारवरून पटते, मोबाईलवरून नाही. ताईनं ते सांगितलं. मला ते अर्धं पटलं. नंबर खोटा भरला म्हणजे रुग्ण खोटा, असं होत नाही. पण ऑपरेशन झालं का, पैसे मागितले का, हे विचारायला फोन करायचा म्हटला तर तो लागणार कुणाला?

भूलतज्ज्ञाच्या मुद्द्यावर मात्र ताई उसळली.

"नाना, तुम्ही नोकरीला लागलात तेव्हापासून ऐकताय ना, की तज्ज्ञ येणार, जागा भरणार? भोर समितीचा अहवाल १९४६ चा. प्राथमिक आरोग्य केंद्राचं स्वप्न तेव्हाचं. आज रात्री ज्याच्या डोक्याला मोटारसायकलवरून पडून मार लागला, त्यानं मुरुडला न्यूरोसर्जन यायची वाट बघायची का? कार्ड घेऊन तो लातूरला पोचतो आणि तास-दोन तासात टेबलावर जातो. तातडीच्या केसला कागद मागाहून, आधी फोनवर कळवलं तरी चालतं. हे काम दवाखाना बांधून झालं नसतं. झालं असतं तर पंच्याहत्तर वर्षांत झालं असतं."

"कार्ड आलं म्हणूनच झालं नाही. तुझं कार्ड आल्यापासून मंत्र्याला सोपं झालं. दवाखान्यात काय नाही असं विचारलं की म्हणतो, पाच लाखाचं कार्ड दिलंय."

"कार्ड २०१२ चं. त्याआधीची पासष्ट वर्षं कुणाच्या नावावर घालायची?"

नाना थोडे थांबले. मग त्यांनी नांदेड काढलं. मला वाटतं ते सगळा वेळ तेच राखून होते.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यातली बारा नवजात बाळं. औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर मंत्री, डीन आणि नातेवाईक वेगवेगळं बोलत राहिले. शेवटच्या घटकेला खासगीतून पाठवलेले रुग्ण होते, असंही सांगण्यात आलं. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. नांदेड म्हणजे मराठवाड्यात योजना जिथं सगळ्यात आधी आली तो जिल्हा.

"अकरा वर्षं झाली होती योजनेला," नाना म्हणाले. "त्या बाळांच्या आयांकडं रेशनकार्ड नसतील का? असतील. काचेच्या पेटीत एकाच्या जागी तीन बाळं ठेवली तर त्यांना कुठलं कार्ड वाचवणार? खासगीवाला शेवटच्या घटकेला सरकारीत का ढकलतो? पॅकेज संपलं की ढकलतो. नफ्याचा भाग तो ठेवतो, मरणाचा भाग विष्णुपुरीला."

ताईनं मान खाली घातली नाही, पण आवाज उतरला. "हे होतं. मी नाही म्हणणार नाही. पॅकेजचे दर कमी, पैसे उशिरा येतात, मग रुग्णालय 'खाट नाही' म्हणतं. माझ्या टेबलासमोर उभं राहून म्हणतात आणि मला माहीत असतं खाट आहे. मी १५५३८८ वर तक्रार करा म्हणून सांगते. माणूस तक्रार करत नाही. ज्याच्या हातात आपला बाप आहे त्याची तक्रार कोण करेल?"

ती आणखी एक गोष्ट बोलली, जी बाहेर फारशी माहीत नसते. योजनेत सरकारी रुग्णालयंही असतात. तिथं योजनेतून ऑपरेशन झालं की दाव्याची रक्कम त्या रुग्णालयाला मिळते, आणि त्यातून ते यंत्र दुरुस्त करू शकतं, औषध घेऊ शकतं, काही भाग कर्मचाऱ्यांना देऊ शकतं. "मंत्रालयातून येणाऱ्या अनुदानाची वाट न बघता मिळणारा हा पैसा आहे. जो सरकारी अधिष्ठाता डोकं लावतो तो याच्यावर अख्खा वॉर्ड उभा करतो. जो लावत नाही त्याचे रुग्ण माझ्याकडं खासगीत येतात. विमा आणि दवाखाना अशी लढाई तुम्ही लावताय. तामिळनाडूनं १९९४ ला औषधखरेदीचं महामंडळ काढलं, २००९ ला विमा आणला. दोन्ही केलं. आपण विमा आधी आणला आणि औषधखरेदीचं प्राधिकरण २०२३ ला. नांदेडला जे झालं ते उलट क्रमाचं फळ आहे, विम्याचं नाही."

हा मुद्दा ताईनं चांगला मांडला. तरी वादाचा खरा गाभा त्यानंतर नानांनी जे काढलं त्यात होता, आणि ते सांगायला त्यांना ना नांदेडला जावं लागलं ना छत्तीसगडला. मुरुडच्या पश्चिमेला थोडं गेलं की धाराशिव जिल्हा लागतो.

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून कुणाला कॅन्सर झाला, कुठला, कधी कळला, याची वही ठेवणं हे तिचं काम. बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर फार दिसत होता आणि कळायचा तो हाताबाहेर गेल्यावर. मग १९९९ पासून धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त आणि कॅन्सरवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत विषाणूची तपासणी, काहींत इतर पद्धती, काहींत नेहमीसारखंच. २००९ मध्ये निकाल आला : ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. (ज्यांना काहीच तपासणी दिली नाही त्या गटाबद्दल पुढं बरेच आक्षेप घेतले गेले, आणि ते घ्यायलाच हवे होते.) हा निकाल जगभरच्या धोरणांत गेला.

"जगात गेला," नाना म्हणाले, "अन् मुरुडात? किमोथेरपी योजनेत आहे, रेडिएशन आहे, ऑपरेशन आहे. सगळं फुकट. पण बाईला काही होत नसताना जी एक तपासणी करायची, ती कुणाच्या पॅकेजात? मी घरोघर फिरलेला माणूस आहे. बाईला भरती करा म्हणलं तर घर हलतं. काही नसताना तपासून घे म्हणलं तर सासू विचारते, कशाला? त्या 'कशाला'ला उत्तर द्यायला माणूस लागतो, दारात उभा राहणारा. आरोळे दाम्पत्यानं जामखेडला १९७० पासून तेच केलं की. अडाणी म्हणून हिणवलेल्या बायकांना शिकवलं, त्यांनी गावं सुधारली. तिथं कुठलं कार्ड होतं?"

ताई बराच वेळ बोलली नाही. मग ती जे बोलली त्यानं वाद पुढं सरकला.

"नाना, तुम्ही जे सांगायलात ते विमा वाढवू नका याचं कारण नाही. विमा चुकीच्या बाजूला वाढवलाय याचं आहे. दीडचे पाच लाख केले, ते वरच्या बाजूला. पाच लाख लागणारी माणसं माझ्या टेबलावर किती येतात? थोडी. दीड लाखातच बहुतेकांचं भागायचं. ज्यांना काहीच मिळत नाही ती माणसं माझ्या टेबलापर्यंत येतच नाहीत, कारण ती भरती होत नाहीत. बीपी, शुगर, दमा, गुडघे, डोकं फिरलेलं पोरगं. त्यांचा पैसा महिन्याला थोडा थोडा जातो आणि जन्मभर जातो."

डायलिसिसचं उदाहरण तिनं दिलं, आणि ते मला विसरता येत नाही. डायलिसिस योजनेत आहे. आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर बसायचं, एक पैसा लागत नाही. पण मुरुडहून जाणाऱ्याला दरवेळी एसटी. पंच्याहत्तरीच्या वरच्याला प्रवास फुकट, बाईला अर्धं तिकीट. सोबत आलेल्या पन्नाशीच्या पुरुषाला पूर्ण. शिवाय त्याची मजुरी बुडते. आणि ही मूत्रपिंडं गेली कशानं? बऱ्याच जणांची वर्षानुवर्षं न घेतलेल्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळीनं. "त्या गोळीचे पैसे योजना देत नाही. यंत्राचे देते. मरेपर्यंत देते."

"गोळी सरकारीत फुकट आहे," नाना म्हणाले. त्यांना आपल्या खात्याची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. "१५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेपण पैसे घेत नाहीत."

"आहे ना फुकट. महिनाभराची मिळते का? कधी आठ दिवसांची देतात, कधी 'संपली, पुढच्या आठवड्यात या'. मजूर बाई दर आठवड्याला अर्धा दिवस मोडून येणार का? ती गोळी बंद करते. चक्कर येत नाही तोवर तिला वाटतं बरी झाले."

देशात लोकांच्या खिशातून होणारा आरोग्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या ६४.२ टक्के होता २०१३-१४ मध्ये. २०२१-२२ ला तो ३९.४ वर आल्याचं राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. ताई हा आकडा योजनांच्या यशाचा म्हणून सांगते. नाना म्हणतात, टक्का उतरला असेल, म्हैस गेली ती गेलीच. दोघंही खरं बोलतात. मोठा एकरकमी घाव योजनांनी बऱ्याच घरांवरून टाळला. राहिला तो रोजचा झिरपा : बाह्यरुग्ण फी, तपासण्या, आणि सगळ्यात जास्त औषधं. गरीब घर आजारानं बुडतं तेव्हा ऑपरेशनचं बिल सगळ्यांना दिसतं, मेडिकलच्या चिठ्ठ्या कुणी जपून ठेवत नाही.

"थायलंडनं २००२ ला काय केलं माहितेय का?" ताईनं विचारलं. "तीस बाटमध्ये उपचार. सगळ्यांना. पण पैसा ऑपरेशनमागं नाही, माणसामागं दिला. एवढ्या लोकांची जबाबदारी तुझी, हे वर्षाचे माणशी इतके पैसे, असं जिल्ह्याच्या छोट्या रुग्णालयाला सांगितलं. त्यात बाह्यरुग्ण आलं, गोळ्या आल्या, तपासण्या आल्या. माणूस निरोगी राहिला तर रुग्णालयाचे पैसे वाचतात. आपल्याकडं तो आजारी पडून भरती झाला तरच पैसे सुटतात."

"थायलंडनं त्याआधी जिल्ह्याजिल्ह्यात दवाखाने बांधून ठेवले होते. डॉक्टरला खेड्यात जायची सक्ती होती."

"मग मुरुडचा बांधा की! पण पैसा बांधकामाच्या ठेकेदाराला नको, माणशी द्या. मुरुड आणि भोवतालच्या गावांची जी लोकसंख्या, तेवढ्या माणसांचे वर्षाचे पैसे मुरुडच्या रुग्णालयाच्या हातात. त्यातून तपासणी, त्यातून गोळ्या. त्यापुढचं मोठं दुखणं निघालं तर कार्ड आहेच, लातूर आहे, बार्शी आहे. विमा वाढवा म्हणते मी तो असा. खालच्या बाजूला."

नानांनी बराच वेळ सुपारी कातरली. "पैसे हातात दिले अन् वैद्यकीय अधिकाऱ्याची जागाच रिकामी असली तर?"

"तर गावाला दिसेल पैसे आहेत आणि डॉक्टर नाही. आता दोन्ही नसतात म्हणून कुणी विचारत नाही."

"अन् गोळी कोण देणार? मेडिकलवाला? मग तो महागडीच कंपनी देणार, सरकारचं बिल फाडणार."

"मेडिकलवाल्याला ठरलेला दर द्या, जेनेरिकचा. तो रात्री नऊपर्यंत उघडा असतो, तुमचं केंद्र दुपारी बंद होतं. मजूर सातला घरी येतो."

"आशाताईच्या हातात दे. महिन्याची गोळी घरपोच. ती मोजूनपण देईल अन् घेतली का तेपण बघेल."

"आशाच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला प्रत्येक गोळीमागं मोबदला देणार का?"

"देऊ की. भरतीमागं लाख देता, गोळीमागं रुपाया द्यायला काय होतं?"

"मग ते लिहा कुठंतरी. नुसतं ओट्यावर नका बोलू."

"लिहायचं तू. फॉर्म भरायची सवय तुला आहे. मी गावं सांगतो, कुठल्या घरात कोण गोळ्या सोडून बसलंय ते." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, मागच्या गल्लीपासून, ताईनं मोबाईलवर नावं टिपताना मध्येच विचारलं, यातल्या किती जणांकडं आज चालू रेशनकार्ड आहे, आणि त्यावरून दोघांचं पुन्हा सुरू झालं.